वाटी बसवणारीचं पोट

पोटातला तो ठोका डॉक्टरांच्या आधी मला सापडला होता.

गावात मी वाटी बसवते. जड उचलल्यानं कोणाचं बेंबीभोवती दुखायला लागलं, पोट बिघडलं, की आमच्याकडे म्हणतात वाटी सरकली. बाईनं सकाळी उपाशीपोटी उताणं झोपायचं. मी बेंबीवर पाचही बोटं जुळवून ठेवायची आणि ठोका शोधायचा. तो बरोबर मधे लागला तर वाटी जागेवर आहे. वर किंवा बाजूला लागला तर तेल लावून अंगठ्यांनी हळूहळू दाबत मधे आणायचा. सासूबाईंनी हे आम्हा दोघी जावांना शिकवलं होतं, पण बायका माझ्याकडेच यायच्या. थोरल्या जाऊबाईंचा हात जड आहे. शिवाय त्या बोलतात फार. पोट उघडं टाकून पडलेल्या बाईला बडबड नको असते.

माझं स्वतःचं पोट मात्र मी कधी कोणाला दाखवलं नाही. दोन्ही बाळंतपणांत जिनं सुटका केली त्या सुईणीशिवाय ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

तीनेक वर्षांपूर्वी एका सकाळी पडल्या पडल्या मी सहज हात ठेवला, तर ठोका बेंबीच्या वर डाव्या अंगाला लागला. आणि रुंद होता. दुसऱ्या बायकांचा ठोका एका बोटाखाली मावतो, हा माझी तीन बोटं उचलत होता. मला वाटलं, वाटी सरकली आणि चांगलीच सरकली. तेव्हापासून मी रोज उठायच्या आधी दाबायला लागले. ठोका काही जागेवर येईना. वर्षभर मी त्याला बेंबीकडे ढकलत होते.

मग मुतखड्याच्या कळा आल्या म्हणून आमच्या मालकांनी मला लोणावळ्याला सोनोग्राफीला नेलं. खडा बारीकच निघाला. पण मशीन फिरवणारे डॉक्टर एका जागी थांबले, पुन्हा पुन्हा तिथंच आले. मी पदर तोंडावर घेऊन पडले होते. ते काही बोलेनात तेव्हा मला कळलं की खड्याशिवाय काहीतरी आहे.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "हृदयाकडून रक्त खाली नेणारी एक मोठी नळी असते. तुमची ती पोटात एका जागी फुगलीय. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तसं."

मालक कामशेत स्टेशनवर रिक्षा चालवतात. ट्यूबच्या फुग्याचं पुढं काय होतं ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

फुगा चार पॉइंट दोन सेंटीमीटर होता. डॉक्टर म्हणाले, पाचाला पोचला की ऑपरेशनचं बघायचं, तोवर दर सहा महिन्यांनी मोजायचं. बीपीची गोळी चुकवायची नाही. ओझं उचलायचं नाही. मशेरी आजपासून बंद. आणि संडासला बसल्यावर जोर करायचा नाही. हे शेवटचं त्यांनी मालकांच्या देखत सांगितलं, तेव्हा मला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

ऑपरेशन दोन तऱ्हेचं असतं म्हणाले. एकात पोट उघडतात, दुसऱ्यात जांघेतून आत नळी सरकवतात. दोन्हींत माझ्या अंगावर कपडा कुठं असेल हा विचार मला आधी आला, मरणाचा मागून आला. दोन्ही नकोत. एवढंच मी मनात धरलं, की पाच होऊ द्यायचं नाही.

"पोटाला मार लागला होता का कधी? कुणी चोळलं, दाबलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून ते "नाही" माझ्याबरोबर घरी आलं. मीच दाबून दाबून नळी फुगवली की काय, हे विचारायची हिंमत नव्हती. पण खरी चूक मी त्याच्यानंतर केली. मला वाटलं, या हातानं किती जणींचे ठोके जागेवर आणले, मग आपला फुगा थोडा आत बसवता येणार नाही का? डॉक्टरांना नळीतलं कळतं, पण हाताचं त्यांना काय माहीत? म्हणून पुढच्या तपासणीच्या आधी तीन आठवडे मी तेल लावून हळूहळू, कडेकडेनं दाबलं. मालक रिक्षा घेऊन गेले की दार लावून घ्यायची.

तपासणीत पुन्हा चार पॉइंट दोनच आलं. डॉक्टर म्हणाले, "छान, गोळी लागू पडली." मला वाटलं, गोळी नाही, हात लागू पडला.

त्याच्या पुढच्या खेपेला मी तसंच दाबून गेले आणि चार पॉइंट पाच आलं.

त्यानंतर हात लावायची मला भीती वाटायला लागली आणि न लावायचीही. सकाळी जाग आली की दोन्ही हात उशाखाली घालून पडायची. तरी ठोका कळायचाच. चादर हलताना दिसायची. कोणी मोठ्यानं हाक मारली, कुत्रं अंगावर आलं, की आधी ध्यान पोटाकडे जायचं. फुटलं तर कसं कळेल, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. एकदम पोटात किंवा पाठीत जोराची कळ येईल, घाम सुटेल, आणि मग वेळ नसेल, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून कुठलीही कळ मला साधी वाटेना.

मालक आणि सासरी असलेली मुलगी सोडून हे कोणाला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर गाव बघायला आलं असतं. पण न सांगितल्याचीही शिक्षा होती. मी हंडा उचलेना, पोत्याला हात लावेना, वाटी बसवायला आलेल्या बायांना परत पाठवायची. दुसऱ्या कोणाचं पोट दाबायला मला आता धजवत नव्हतं. अंगठ्याखाली कोणाचं काय असेल ते बाहेरून कुठं दिसतं?

जाऊबाई अंगणातून ऐकवायच्या, "आमची धाकटी आता साहेबीन झालीया. हंडा न्हाई, पोतं न्हाई, मशेरी बी न्हाई. भाव खाती नुसता."

"अक्का, कंबर धरतीय हो," मी म्हणायची.

"मग कंबर चोळून घे की! का तितं बी हात लावू देत न्हाईस?"

मागच्या थंडीत त्यांच्या नातवाचं बारसं होतं. आमची दोन घरं एकाच भिंतीची, म्हणून सकाळपासून मी तिथंच होते. पाळणा झाला, नाव ठेवलं, सगळ्या बायकांना हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या. जाऊबाईंनी माझ्या ताटात दोनदा वाढल्या. नको म्हटलं तर पोराचं तोंड पाहून खायचं असतं म्हणाल्या. मी खाल्ल्या. तासाभरानं भांडी आवरताना बेंबीच्या वर कळ आली. मी ओट्याला धरून उभी राहिले. दुसरी आली ती बसवूनच गेली. अंगाला घाम सुटला.

मला वाटलं, झालं. हेच ते.

बायकांनी मला धरून माजघरात सतरंजीवर आडवं केलं. कोणी पाणी आणलं, कोणी ओवा. जाऊबाई पदर खोचून आल्या. "सरका गं, गर्दी करू नगा. वाटी सरकलीय हिची. दुसऱ्यांच्या बसवती अन् आपली ठेवती तशीच!"

बायका हसल्या. कोणीतरी तेलाची वाटी पुढं केली.

मी म्हणत होते, "नको अक्का, राहू द्या." पण माझा आवाज नेहमीच असा, की ऐकणाऱ्याला वाटावं लाजतेय. जाऊबाईंनाही तेच वाटलं. "लाजती कुनाला? सगळ्या बायकाच हायत की," असं म्हणत त्यांनी लुगड्याची गाठ सैल केली. सात-आठ बायका उभ्या होत्या. माझं पोट सगळ्यांसमोर उघडं पडलं. मी डोळे मिटले. एवढ्या भीतीतही आधी लाज वाटली, याचं मला अजून नवल वाटतं.

गार तेल पडलं. जाऊबाईंची पाच बोटं बेंबीवर आली, तिथून वर सरकली, आणि थांबली.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "केवढी उडतीया. लय दिवसांची दिसती. थांब, आनते जागेवर."

दोन्ही अंगठे ठोक्यावर टेकले. मला त्या हाताची पुढची हालचाल माहीत होती. एकाच सासूनं शिकवलेली. आधी टेकवायचे, बाईनं श्वास सोडला की वजन टाकायचं. मी श्वास सोडलाच नाही. धरून ठेवला. आणि त्यांचं मनगट पकडलं.

"सोड की गं."

"दाबू नका."

"अगं पन..."

"दाबू नका अक्का! वाटी न्हाई ती. शीर हाय. फुगलेली हाय. फुटली तर मी हितंच मरंन!"

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेरची पुरुष माणसं दारात आली. पाळण्यातलं पोर रडायला लागलं. जाऊबाईंनी दोन्ही हात असे वर उचलले, जसं काही चुलीला लागले. तेलाचे थेंब त्यांच्या बोटांवरून माझ्या अंगावर पडत होते.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दीड वरीस झालं कळून."

"अन् सांगितलं न्हाईस? मला?" त्यांचा आवाज चिरका झाला. "आत्ता दाबली असती तर? माझ्या हातनं झालं असतं न्हवं!" मग एकदम ओरडल्या, "बघता काय? रिक्षा आना!"

मालकांनी रिक्षा अंगणातच लावली होती. मागच्या सीटवर जाऊबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मी लोणावळ्यापर्यंत गेले. जुन्या हायवेवर प्रत्येक गतिरोधकाला मालक रिक्षा जवळजवळ उभी करायचे आणि जाऊबाई म्हणायच्या, "हळू, भाऊजी." तो संपला की म्हणायच्या, "चला की आता लवकर!" मी कळा मोजत होते. येऊन जाणारी कळ होती. एकच धरून राहिलेली नव्हती. तिथंच मला थोडी शंका आली, पण आशा करायचा धीर होत नव्हता.

दवाखान्यात सुई टोचून, हातातून औषध सोडून सिटी स्कॅन केला. त्या गोल मशीनमधे आत जाताना मी लुगड्याचा काठ मुठीत धरला होता. बाहेर येऊन पडून राहिले ती अर्धा तास, का जास्त. पडद्यापलीकडे जाऊबाई कोणा नर्सला विचारत होत्या, "हात लावला तर फुटती का हो? नुसता लावला तर?"

डॉक्टर आले ते आधी मालकांवरच चिडले. अशा कळेत रिक्षानं आणायचं नसतं, दवाखान्याची गाडी बोलवायची असते. मग म्हणाले, "फुटलेलं नाही. गळतीही नाही. पोटात गॅस भरलाय. काय खाल्लं होतं?"

"घुगऱ्या," जाऊबाई पडद्याआडून म्हणाल्या. "मीच वाढल्या."

"फुगा चार पॉइंट सात आहे," डॉक्टर म्हणाले. "वाढतोय. आता सहा नाही, तीन महिन्यांनी मोजायचं, आणि त्याच्या आधी पुण्याच्या सर्जनना एकदा दाखवून ठेवायचं. दाखवायचं म्हणजे लगेच कापायचं असं नाही."

ते निघाले होते. मी म्हटलं, "साहेब, मी दाबत होते."

ते परत फिरले.

मी सगळं सांगितलं. वाटी, तेल, तीन आठवडे, लावलेलं दार. मालक माझ्याकडे बघत होते, मी पायाकडच्या चादरीकडे बघत होते. दाबल्यानं झालं का, हेही शेवटी विचारलं.

"झालं मशेरीच्या तंबाखूनं आणि बीपीनं. दाबल्यानं फुगत नाही," ते म्हणाले. "पण दाबल्यानं बरंही होत नाही. आणि एखाद्या दिवशी फुटलं असतं. यापुढे पोटाला कोणी हात लावायचा नाही. तुम्ही तर अजिबात नाही."

"आणि नाहीच केलं ऑपरेशन? पाच झाल्यावर?"

"मग रोज आजच्यासारखी वाट बघायची," ते म्हणाले. "फक्त दर वेळी घुगऱ्याच असतील असं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. जाऊबाई घरच्या पाहुण्यांसाठी पहाटेच्या लोकलनं पुढं गेल्या होत्या. आम्ही दोघंच रिक्षात होतो. लोणावळ्याबाहेरचं वळवण मागं पडल्यावर मालकांनी रिक्षा कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं.

त्यांनी वळून न बघताच विचारलं, "पाच झालं तर करायचं का?"

मला नाहीच म्हणायचं होतं. दीड वर्ष तेच घोकत होते. पण सतरंजीवर पडले होते तेव्हा मी श्वास धरून कशासाठी पडले होते, ते मला माहीत होतं.

"करायचं," मी म्हटलं. "पर तवर व्हता व्हईल तेवढं टाळायचं."

"भ्या वाटतं?"

"लय."

"मला बी," ते म्हणाले.

समोरून दोन बायका पाट्या घेऊन आल्या आणि कामशेतला येता का म्हणून विचारायला लागल्या. मालकांनी हात हलवून नाही सांगितलं. त्या माझ्या शेजारची रिकामी जागा बघून काहीतरी पुटपुटत मागून येणाऱ्या रिक्षाकडे गेल्या. मालकांनी किक मारली आणि रस्त्याच्या अगदी कडेनं, सगळ्या गाड्यांना पुढं जाऊ देत, रिक्षा चालवायला लागले.