गंगाधरकाकांचा नारळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, तेही चाचरतच.

हैदराबादेत बांधकाम मजुरांच्या युनियनचा मी सचिव. एका टॉवरच्या साइटवर दोन युनियन भिडल्या होत्या — स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या काढायचं काम कुणाचं, आमचं की त्यांचं? लवादाने निवाडा आमच्या बाजूने दिला. बरकतपुऱ्यात माझा सत्कार झाला. शाल, हार, भाषणं — आणि मी चांगलाच फुगलो होतो.

शाल खांद्यावर असतानाच वकिलांचा फोन आला. समोरच्या युनियनच्या तक्रारीवर दुसऱ्या लवादाने नेमका उलटा निवाडा दिला होता. कोर्टात सोक्षमोक्ष लागेपर्यंत आपली माणसं आत पाठवू नका, असं वकिलांनी बजावलं. मी फोन खिशात टाकला आणि पुन्हा स्टेजवर जाऊन बसलो. गळ्यात हार घालून हे सांगायचं — कोणत्या तोंडाने?

सकाळी साइटच्या गेटवर गंगाधरकाका नारळ घेऊन उभे होते. नांदेडकडच्या टोळीचे मुकादम. आमच्यात रीत अशी, की वादातलं काम हाती घेताना मुकादम टोळीसमोर नारळ फोडतो — काम आपलं, ही त्याची जबान. जबान खोटी ठरली, की त्याच्यामागे पुन्हा कुणी येत नाही. काकांनी मला बाजूला घेतलं.

"सर, पक्कं हाय ना? मग फोडतो."

तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही?

"फोडा, काका."

दुपारी कंपनीने दुसरा निवाडा पुढे करून सगळ्यांना बाहेर काढलं. पुन्हा आत पाय ठेवायचा नाही, अशी ताकीद दिली. गेटबाहेर टोळी काकांवर तुटून पडली — माहीत नव्हतं तर नारळ का फोडलात? काकांनी माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं.

इथवरचं कदाचित कधीतरी कबूलही केलं असतं. पण मग मी सगळ्यांदेखत बोललो, "काका, मी तुम्हाला थांबा म्हणालो होतो ना?"

काकांनी मला खोटं पाडलं नाही. का, हे विचारायची माझी आजही हिंमत नाही. टोळी दुसऱ्या मुकादमाकडे गेली. काका आता मलकपेठेत एका अपार्टमेंटचं गेट उघडतात. मी अजून सचिवच आहे. त्या गेटसमोरून स्कूटरवर जाताना मी दुसरीकडे बघतो. लाज वाटते — फार वाटते.

मी 'थांबा' म्हणालो नव्हतो. 'फोडा' म्हणालो होतो.