ब्रॅकेटची चार भोकं

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात ती माझ्या हाताखाली होती. घरी तंजावरची मराठी बोलणारी, कंत्राटावरची. तिला कायम करायचं की नाही, हे त्या महिन्यात ठरणार होतं. मी पुण्याहून आलेला, तिच्या मराठीला हसणारा सीनिअर.

काम बसच्या कॉम्प्रेसरखालच्या पत्र्याच्या ब्रॅकेटचं होतं; ते भार सोसेल का, हे आधी तपासायचं. कॉम्प्युटरवर अख्खा कॉम्प्रेसर कोणी काढत बसत नाही. त्याचं वजन एका बिंदूवर ठेवायचं आणि तो बिंदू ब्रॅकेटच्या चार भोकांना जोडायचा. रिजिड जोडणी घेतली तर चारही भोकं एकमेकांशी जखडली जातात, मधला पत्रा धड वाकतच नाही. दुसरी जोडणी नुसता भार वाटून देते, पत्र्याला हवं तसं वाकू देते. सगळी भोकं आपोआप रिजिड करणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि तिचा मला कोण गर्व!

"सार, मधें रबर आहे नव्हें?" ती म्हणाली. "कॉम्प्रेसर पत्र्याला कुठें घट्ट धरतो? भार वाटणारी घेऊं."

"रिपोर्ट आज जायचाय. स्क्रिप्ट चालव."

तिने चालवली. चित्र निळंशार आलं, ताण नावालाही नाही. मॉडेलवर तिचं नाव पडलं, कारण बटण तिने दाबलं होतं.

तीन आठवड्यांनी चाचणीत ब्रॅकेट एका भोकापासून तडकलं. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, हे मॉडेल कोणाचं? तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. मुलीची शाळा, आईचं आजारपण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

तिचं कंत्राट वाढलं नाही. "येतें, सार," म्हणाली, तेव्हा मी स्क्रीनवरून नजरसुद्धा उचलली नाही.

सोमवारी मी तेच मॉडेल उघडून भार वाटणारी जोडणी दिली. तडा गेला होता तिथेच लालभडक डाग उमटला. मॅनेजर खूश झाला. नव्या भरतीला हे तूच शिकव, म्हणाला.

मी शिकवलं, चांगलं तासभर. शेवटी एका मुलीने विचारलं, ही चूक कोणी केली होती?

"होती एक," मी म्हणालो. "आता नाही इथे."