आर्नफिनची बोटं

आर्नफिन आमच्या बचाव-तळावर हॉइस्ट, म्हणजे हेलिकॉप्टरच्या दाराशी असलेली दोराची यारी, चालवायचा. मी हेलिकॉप्टरखाली दोराला लटकायचो, तो दारात गुडघे टेकून दोर सोडायचा आणि ओढायचा. नॉर्वेच्या या किनाऱ्यावर सतरा वर्षं आमची जोडी. माझं लग्नसुद्धा इतकं टिकलं नाही.

माणूस काटेकोर, इतका की डोकं उठावं. सराव असो की खरी सुटका, परत आलं की अख्खा नव्वद मीटर पोलादी दोर बाहेर काढायचा, खारं पाणी धुवायचं आणि सुती फडक्यातून चिमटीत धरून टोकापर्यंत पुसायचा. दोर पेन्सिलीहून बारीक. त्यातली एक तार जरी तुटली तरी बोटाला टोचते; ती राहून गेली तर पुढे दोरच तुटू शकतो. तिकडे वॉफल गार व्हायचे. मी ओरडायचो, "अरे बाबा, आटप की!"

"लटकणारा तू, आणि घाईही तुलाच?"

नव्या माणसांसाठी त्यानं वीतभर जुना दोर जपून ठेवला होता. त्यात एकच तार तुटलेली. "डोळे मिट. शोध." सापडली नाही तर दोराला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या हाताखालची सोल्वाई नवी होती तेव्हा तिला त्यानं आठवडाभर रडवलं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी सराव झाला. मी तीनदा मासेमारीच्या बोटीवर उतरलो, तीनदा वर आलो. आर्नफिननं दोर पुसला, म्हणाला, "ठीक आहे." नियमाप्रमाणे सोल्वाईनं दुसऱ्यांदा पुसायला घेतला आणि मध्येच थांबली.

"इथे टोचतंय."

आर्नफिननं तिथे पुन्हा बोट फिरवलं. दोर बदलायला काढला.

मग सगळे टेबलाभोवती बसलो. सरावानंतर आमच्याकडे ज्यानं त्यानं आपापली चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. त्यामुळे त्या तारेबद्दल सोल्वाईला बोलता येत नव्हतं. एखादी तार कुणाच्याही हातून सुटते, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं सांगतो, त्यानं तोंड उघडू नये असंच मला वाटत होतं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि या कामाशिवाय त्याला दुसरं काही नव्हतं.

त्यानं खिशातून तो वीतभर दोर काढला. डोळे मिटले. बोटं एका टोकाकडून निघाली. तुटकी तार आम्हा सगळ्यांना दिसत होती. बोटं तिच्यावरून गेली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली.

"नाही सापडली," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून बोटं बधिर आहेत. थंडीनं असेल, थंडीनं असेल, म्हणत राहिलो. चूक माझी. आजपासून मी दारात बसणार नाही."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर उखडलोच. "अख्खा हिवाळा? मी लटकत होतो रे, गाढवा!"

"हो."

त्याचा चेहरा बघून मी आवाज खाली आणला. "अकरा महिने तर राहिले होते. दुसऱ्यांदा बघायला सोल्वाई होतीच. नसतं सांगितलंस, तर कुणाला कळलं असतं?"

"तुला," तो म्हणाला. "एकदाच."