निळ्या वह्या आणि पांढरा दोरा

ये गं, इकडे ये. जवळ बस जरा. दारात उभं राहून, अंगात अर्धा कोट घालून कुणी गोष्ट ऐकतं का? इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात दरवेळी तुम्ही मुली मला विचारणार, "मावशी, तुम्ही पोलिसांत होतात, तुम्हाला कधी भीती नाही का वाटली?" आणि मी तोंड उघडायच्या आत गाडीच्या किल्ल्या शोधायला लागणार. म्हणून या वेळी मंडळाच्या अंकात लिहूनच काढलंय. आता कुठे पळाल?

वाटली भीती. आणि ती पिस्तुलाची नव्हती. एका प्रकरणात अशी वाटली की ते आठवलं की मी अजूनही उठून पुढच्या दाराची कडी लागलीय ना ते बघून येते.

हे ऐंशीच्या दशकातलं. आम्ही टेक्सासमध्ये एका विद्यापीठाच्या गावात राहत होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचंही नाही. हे इंजिनिअर म्हणून आले आणि त्यांच्यामागून मी. माझं शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी शिकले ती रेडिओ ऐकून आणि दुकानात चुका करून. विद्यापीठाच्या पोलीस ठाण्यात आधी फोन आणि वायरलेस सांभाळायला बसले. सिटिझन झाल्यावर पोलीस अकादमी केली आणि बिल्ला लावला. विद्यापीठाचे पोलीस म्हणजे वॉचमन नव्हेत हं. जबाब घेणं, जप्ती, अटक, सगळे अधिकार. आपल्या बायका मला 'फौजदारीणबाई' म्हणून हसायच्या आणि मुलाला पार्किंगचं तिकीट मिळालं की मलाच फोन करायच्या.

ठाण्याचा दिवस सकाळच्या ब्रीफिंगने सुरू व्हायचा. करपलेली कॉफी घ्यायची, आदल्या पाळीची नोंदवही वाचायची. बहुतेक सायकलचोऱ्या. अशाच एका सोमवारी इतिहास विभागाची सेक्रेटरी स्वतः ठाण्यात आली. पन्नाशीची बाई. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. माणूस फोन न करता स्वतः येतो आणि पर्स सोडत नाही, तेव्हा समजावं की तो आपल्या ऑफिसच्या फोनलासुद्धा घाबरतोय.

"मी इथे आले होते हे कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "माझा नवराही विद्यापीठाच्या फुटबॉल टीमची टोपी घालून झोपतो."

तिचं म्हणणं असं. इथे परीक्षेची उत्तरं निळ्या पुठ्ठ्याच्या पातळ वहीत लिहितात. शुक्रवारी परीक्षा झाली. फुटबॉल टीममधला एक मुलगा वीस मिनिटांत उठला आणि एकच वही तिच्या हातात देऊन गेला. वही जवळजवळ कोरी होती, तिने स्वतः पाहिली. सगळ्या वह्या तिने कपाटात ठेवून कुलूप लावलं. सोमवारी कपाट उघडलं तर त्या मुलाच्या नावाच्या दोन वह्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या. कुलूप शाबूत.

मी फिर्याद नोंदवली : अनधिकृत प्रवेश आणि कागदपत्रांत फेरफार. ठाण्याच्या चीफने ती वाचली आणि उठून दार लावून घेतलं.

"शनिवारी मॅच आहे, माहितीये ना?"

"माहितीये."

"तुझा शेजारी जाणार. जज जाणार. माझी बायकोही जाणार."

"म्हणजे तपास करायचा नाही?"

"कर. पण टीमच्या बिल्डिंगमध्ये गणवेशात जाऊ नकोस. आणि ड्राइव्ह करताना मागे कुणी येतंय का, आरशात बघत जा."

चीफ सहा फुटी माणूस. त्याला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वह्या जप्त करून टेबलावर घेतल्या. दोन्ही वह्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या होत्या. सुईने भोक पाडून, दोरा ओवून, वर गाठ. गाठ सैल, पान उलटता येईल इतकी, पण सुटणार नाही अशी.

शेजारचा अधिकारी वाकून हसला. "कुणी परीक्षा लिहिलीय की ओव्हनमध्ये घालायला मटण बांधलंय?"

मला हसू आलं नाही. या देशात एक वही भरली तर दुसरी तिच्यात सरकवून देतात, नाहीतर स्टेपल करतात. दोरा कुणी बांधत नाही. दोरा आपण बांधतो. मॅट्रिकच्या हॉलमध्ये पुरवणी मागितली की पर्यवेक्षक बाई पुरवणीबरोबर दोरा द्यायच्या आणि म्हणायच्या, "नीट बांध, सुटली तर मार्क गेले." पान उघडलं तर डाव्या बाजूला बोटभर समासही घडी घालून पाडलेला. हे ज्या हातांनी केलं ते आपल्याकडच्या परीक्षेत तयार झालेले होते.

आणि ते हात मला माहीत होते. विद्यापीठात आपली मुलं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतली एक नागपूरची मुलगी खेळाडूंना शिकवायचं काम करायची. दिवाळीला माझ्या घरी पुरणपोळी लाटून गेलेली. मला काकू म्हणायची.

खरं सांगते, त्या दिवशीच्या अहवालात मी दोऱ्याचा उल्लेख केला, पण अर्थ लिहिला नाही. असं करायचं नसतं. पण केलं.

दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूचा जबाब घेतला. दारातून वाकून आत आला, एवढा उंच. वीस वर्षांचा असेल.

"या वह्या तू लिहिल्यास?"

"येस मॅम."

"मग पहिली ओळ वाचून दाखव."

तो वहीकडे बघत राहिला. मग खिडकीकडे. मग म्हणाला, "मॅम, चष्मा घरी राहिला."

त्याला चष्मा नव्हताच. ज्याला वाचता येत नाही तो आधी चष्मा विसरतो, हे मी पुढे नोकरीत कितीदा पाहिलं. मी वही बंद केली. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मला काढून टाकतील का? आई टीव्हीवर बघते मला." कुणी लिहिलं, कुणी बदललं, ते मात्र सांगेना. तोंडावर कुणाची तरी दहशत होती.

ती कुणाची ते दुपारीच समजलं. खेळाडूंच्या अभ्यासाची व्यवस्था बघणारा एक अधिकारी होता. तो न बोलावता ठाण्यात आला. गोड बोलणारा, तोंडात सतत पेपरमिंट. म्हणाला, "त्या मुलाने फसवणूक केली असेल तर त्याला खुशाल शिक्षा करा, ऑफिसर. आम्ही आड येणार नाही." म्हणजे मुलाचा बळी द्यायचा हे ठरवूनच आला होता. जाताना वळला आणि माझ्या मुलीचं नाव घेऊन म्हणाला, "तिसरीत ना ती? छान शाळा आहे."

मी त्याला मुलीचं नाव कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी लेक बस स्टॉपवरून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मॉम, अ मॅन इन अ ट्रक सेड हाय. ही न्यू माय नेम." ट्रकमधल्या अनोळखी माणसाने तिला नावाने हाक मारली होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. हे म्हणाले, "सोड ना हे प्रकरण. एक परीक्षा, एक वही. कुणाचं काय बिघडतंय?" मलाही मनातून तेच वाटत होतं. दोऱ्याचा अर्थ त्या अख्ख्या गावात मला एकटीलाच कळला होता. गप्प बसले तर नागपूरची पोरगी वाचणार होती, माझी पोरगी वाचणार होती. जाणार होता तो वाचता न येणारा पोरगा, एकटा. आणि पेपरमिंटवाला पुढच्या वर्षी दुसरा खेळाडू आणि दुसरी मुलगी शोधणार होता. बोलले तर नागपूरच्या मुलीचं शिक्षण, व्हिसा, सगळं पणाला लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत तिच्या खोलीवर गेले. तिने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"काकू, तुम्ही काकू म्हणून आलात की पोलीस म्हणून?"

"दहा मिनिटं काकू म्हणून. मग बघू."

तिने चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी तिथेच उभी राहिली. मी गॅस बंद केला आणि विचारलं, "दोरा का बांधलास गं?"

"कुठला दोरा?" असं म्हणाली खरी, पण मग हातांकडे बघत राहिली. "मला आठवतही नाही बांधल्याचं. दोन वह्या झाल्या की हात आपोआप..." आणि रडायला लागली.

आधी नुसतं शिकवायचं होतं. मग निबंध टाइप करून दे. मग पूर्ण लिहून दे. मग शनिवारी सकाळी कोऱ्या वह्या समोर आल्या. ती नाही म्हणाली तेव्हा तो पेपरमिंट चघळत म्हणाला होता, "तुझ्या कामाच्या कागदावर सही माझी असते. एक फोन केला की तू विमानात."

"बाबा ऑफिसात शिपाई आहेत, काकू. मी इकडे आले तेव्हा त्यांनी साहेबांपासून सगळ्यांना पेढे दिले. मी तशीच परत कशी जाऊ?"

तिचे हात हातात घेऊन मी म्हणाले, "तुला काही होणार नाही. माझा शब्द."

हे वाक्य लक्षात ठेवा मुलींनो.

तिने डोळे पुसले आणि तांदळाच्या डब्यात हात घालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत त्याच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. कुठला विषय, कुणाचं नाव, 'दोन वह्या भर', 'शनिवारी दहापर्यंत तयार ठेव'. वर्षभराच्या चिठ्ठ्या, कोपऱ्यात भोक पाडून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. "बाबा म्हणतात, साहेबाचा कागद कधी फेकायचा नसतो."

दुसऱ्या सकाळी ती आपल्या पायांनी ठाण्यात आली. हक्क वाचून दाखवून, सरकारी वकिलासमोर रीतसर जबाब झाला. मी अहवालाला पुरवणी जोडली आणि दोऱ्याचा अर्थ लिहिला. कधी कळला आणि का लिहिला नाही, तेही लिहिलं. चीफने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

पेपरमिंटवाल्याला बोलावलं. चिठ्ठ्या मांडल्या तरी तो हसतच होता. "अक्षर कुणाचंही असू शकतं." मग वॉरंट दाखवून मी त्याचा किल्ल्यांचा जुडगा मागितला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा हसायचा थांबला. सेक्रेटरीला बरोबर घेऊन इतिहास विभागात गेलो, एक एक किल्ली लावून पाहिली. पाचवी लागली. कपाट उघडलं तशी ती बाई माझ्या दंडाला धरून उभी राहिली. परत आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला वकील हवा."

त्याने गुन्हा कबूल केला, नोकरी गेली. मोठ्या कोचला काही माहीत नव्हतं म्हणे. खेळाडूला टीममधून काढलं. जाताना तो मला विचारून गेला, "मॅम, मला वाचता येत नाही हे शाळेत कुणीच कसं नाही पकडलं?"

आणि ती? फौजदारी खटल्यात ती साक्षीदार होती, तिथे तिला मी जपलं. पण विद्यापीठाची शिस्त समिती वेगळी. ती बंद दारामागे बसली. मी बाहेर गणवेशात तीन तास बाकावर होते, मला कुणी आत बोलावलं नाही. तिला काढून टाकलं. विद्यार्थिनी नाही म्हटल्यावर व्हिसा नाही. पंधरा दिवसांत तिला देश सोडावा लागला.

विमानतळावर मीच सोडायला गेले. आत जाताना वळून म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणाला होतात." तेवढंच. रागाने नाही. आठवण करून दिल्यासारखं.

मला या प्रकरणाने काय शिकवलं, ते सांगते. पेपरमिंटवाल्याने तिला भीती दाखवून कामाला लावलं. मी तिला धीर देऊन बोलतं केलं. दोघांनीही तिला जे सांगितलं ते आमच्या हातात नव्हतं. घाबरलेला माणूस आपला शब्द पदरात बांधून घेतो. त्यानंतर नोकरीत मी कुणाही साक्षीदाराला 'तुला काही होणार नाही' असं म्हटलं नाही. 'माझ्या हातात एवढंच आहे, पुढचं तू ठरव,' असं म्हणायचे. जबाब कमी मिळाले. झोप बरी लागली. पुन्हा तशी वेळ आली तर मी चिठ्ठ्या घेईन का? घेईन. पण आधी तिला खरं सांगेन.

काही वर्षांनी मला एक पाकीट आलं. शिक्का मिशिगनचा, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. आत दोन कागद : एका अमेरिकन विद्यापीठाच्या पदवीची प्रत आणि मार्कांचं पत्रक. दुसरं काही नाही, एक ओळही नाही. दोन्ही कागद कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले. गाठ तीच. मी ती अजून सोडलेली नाही.

तर नागपूरच्या पोरी, आता हे तुला. मंडळाचा अंक मिशिगनलाही जातो, तुझ्या हाती पडेल. तुझं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. मी आता टेक्सासमध्येच, अर्विंगला लेकीकडे असते, जिना चढवत नाही, पण पोळी अजून लाटते. तू माफ केलंस का, असं विचारणार नाही. मला फक्त तुला तुझ्या नोकरीबद्दल, मुलाबाळांबद्दल बोलताना ऐकायचंय. इतकी वर्षं एक फोन नाही, ही काय पद्धत झाली? ये. लवकर ये. मी काकू म्हणूनच दार उघडीन.