सामलोच्या मानेवरची फडकी

कट्.

आवाज पुढून आला, हँडलच्या खालून. इन्तानं पायडल थांबवलं, गल्लीत इकडंतिकडं पाहिलं आणि कुणी ऐकलं नाही अशी खात्री करून पुन्हा पाय मारला. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणावर, विहाराच्या भिंतीपाशी, पुन्हा कट्.

"नवे छर्रे आहेत," तो स्वतःलाच म्हणाला. "बसतील जागेवर."

छर्रे नवे होते हे खरं. पण फ्रे गावात उभा जन्म सामलो ही सायकलरिक्षा चालवलेल्या माणसाला छर्रा कसा वाजतो आणि लोखंड कसं वाजतं हे कळत नाही, असं दुसरं कुणी म्हणालं असतं तर इन्तानं त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. स्वतःला मात्र त्यानं खुशाल फसवलं.

ही तीनचाकी त्यानं तरुणपणी घेतली आणि निम्मं गाव तिच्यावरून वाहिलं. पुढं सायकलवर तो, मागं दोन चाकांवरच्या बाकावर कधी मास्तरीणबाई, कधी लग्नाची भांडी, कधी अख्खं कापलेलं डुक्कर. सीनुआनसुद्धा पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणूनच बसली होती, सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्यांच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेली. वाटभर तिनं त्याच्या चालवण्याला नावं ठेवली. लग्न झाल्यावरही तिनं ते सोडलं नाही, आणि "अहो सामलोवाले" ही हाकही सोडली नाही.

पुढं त्याचे गुडघे गेले. गाडी खांबांवरच्या घराखाली कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून गंजत बसली. गेल्या वर्षी सीनुआनची डावी बाजू लुळी पडली. भाच्याच्या पिकअपमध्ये घातलं की तिला ओकाऱ्यांवर ओकाऱ्या. तिचा जन्म वाघाच्या वर्षातला, आणि वाघाच्या वर्षात जन्मलेल्या माणसानं एकदा तरी 'चो-हे' नावाच्या टेकडीवरच्या स्तूपापुढं डोकं टेकायचं असतं. पण जत्रेची पौर्णिमा म्हणजे धंद्याचा दिवस, म्हणून बाई दर वर्षी "पुढच्या खेपेला" म्हणत राहिली. आता पुढची खेप येईल याचा भरवसा उरला नव्हता. एका संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "तुमच्या गाडीवर असते तर गेले असते."

दुसऱ्या दिवशी इन्तानं कोंबड्या हाकलल्या.

गाडी सुटी करायला त्याचा मित्र सुखाम आला. सुखाम म्हणजे फिरता वेल्डर. मोटारसायकलच्या जोडगाडीत गॅसच्या टाक्या घालून गावभर भांडी आणि फाटकं जोडत हिंडायचा, आणि हिंडताना दुसऱ्यांच्या कामाची टिंगल करायचा. दोघांनी आरे बदलले, चाकांत नवे छर्रे घातले, लांबलचक चेन रॉकेलात भिजवली, बाकाची सागवानी फळी घासली, हुडाला नवं ताडपत्रीचं कापड शिवून घेतलं. निळा रंग दिला. गाडी अशी दिसायला लागली की शेजारणी उगाच जिन्यावरून वाकून बघायच्या.

राहिली फक्त मान. पुढच्या चाकाचा चिमटा जिथं सांगाड्यात शिरतो, ती जागा फडक्यांनी गच्च गुंडाळलेली होती. तिथं गाडीची आई राहते. गाडी कुणाचीही असो, होडी असो नाहीतर ट्रक, तिची एक आई असते. तिला विचारल्याशिवाय गाडीला पाना लावत नाहीत. दर नववर्षाला सीनुआन तिला नवं रंगीत फडकं बांधायची आणि शिकेकाईच्या शेंगांचं सुगंधी पाणी घालायची. जुनं फडकं कधी सोडायचं नसतं. त्यामुळं मानेला मुठीएवढा जाड गुंडाळा झाला होता.

"सोड ते," सुखाम म्हणाला. "मान बघू दे."

"हात लावायचा नाही."

"अरे, सगळी गाडी नागडी केलीस, आणि मुख्य हाड झाकून ठेवतोस?"

"तुझी आई घरात बसलेली असताना तू घराचं छप्पर काढतोस का रे?"

"गळत असेल तर काढतो!"

शब्दानं शब्द वाढला. इन्ता म्हणाला, तुला देवाधर्माची चाड नाही. सुखाम म्हणाला, तुला बायकोची नाही. मग तो टाक्या खडखडवत निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. त्याच आठवड्यात तो आवाज सुरू झाला.

पौर्णिमेला सकाळी इन्तानं बायकोला उचलून बाकावर बसवलं, उशा लावल्या, मांडीवर चिकट भाताची टोपली आणि भाजलेल्या मिरचीची चटणी ठेवली. हात जोडून फडक्यांपुढं पुटपुटला, "आई, एवढी खेप सांभाळ." त्याला भीती वाटत होती. पण तिनं केसांत फूल माळलं होतं, आणि ते बघून त्याला राहवेना.

गावाबाहेर पडेपर्यंत आवाज दोनदा आला. भातखाचरांच्या मधून रस्ता लागला तसा तो खड्ड्याखड्ड्याला यायला लागला.

"काय वाजतंय हो?"

"ग्रीस. नवीन आहे."

"ग्रीस वाजतं?"

"तू चटणी सांभाळ."

गुडघे पेटले होते, पण त्याचं सगळं लक्ष मुठीत होतं. हँडल किंचित हलत होतं, त्याला न विचारता. मागून जत्रेच्या गाड्या हॉर्न मारत जात होत्या. मग रस्ता एकदम खाली उतरला. खाली ओढ्याचा अरुंद पूल, पलीकडं चढ, आणि झाडांवर स्तूपाचं सोनेरी टोक. पुलावर समोरून वाळूचा ट्रक चढत होता. इन्तानं उताराच्या तोंडाशी ब्रेक दाबला.

कर्र्र कट्.

"अहो सामलोवाले," सीनुआन म्हणाली, "मी तुमच्यामागं आयुष्यभर बसले. हा ग्रीसचा आवाज नाही. मला पुढं न्या."

"कशाला?"

"न्या म्हणते ना!"

त्यानं तिला उचलून पुढच्या चाकाजवळ चटईवर बसवलं. तिनं उजव्या हातानं फडक्याची गाठ धरली. इन्ता ओरडला, "सोडू नको, पाप लागेल!"

"मी बांधलंय. मीच सोडणार."

वरची फडकी चमकदार होती, खालची फिकी. त्याखालची काळी, ओली, हाताला भुगा लागणारी. वर्षानुवर्षांचं शिकेकाईचं पाणी आत मुरलं होतं आणि वाळायला त्याला कधी उसंतच मिळाली नव्हती. शेवटचं फडकं लोखंडाचे पापुद्रे घेऊनच निघालं. मानेला अर्ध्या फेऱ्याची चीर होती. सीनुआननं तीत नख घातलं आणि ते आत गेलं.

इन्ता मटकन रस्त्यावर बसला. त्यानं खाली पुलाकडं, मघाशी ट्रक आला होता तिथं पाहिलं, आणि त्याला हुंदका आवरेना.

"मी तिच्यावर भरवसा ठेवला गं."

"ती बिचारी कधीची ओरडत होती! तुम्हीच ऐकत नव्हता. आणि मला ग्रीस म्हणून सांगितलंत." तिनं भुग्यानं काळं झालेलं नख त्याच्यापुढं धरलं. "मला, सामलोवाले?"



मागं खडखड झाली. सुखाम गावापासून अंतर ठेवून त्यांच्या मागं येत होता. तो उतरला, मान पाहिली, आणि टिंगल करायला तोंड उघडून मिटलं. जोडगाडीतून त्यानं लोखंडाचं एक कडं काढलं, दोन अर्ध्या भागांचं, बरोबर या मानेच्या मापाचं.

"कधी केलंस?" इन्तानं विचारलं.

"भांडलो त्या रात्री. वहिनी, जरा सावलीला सरका. तू विचार तुझ्या आईला, पेटवू का?"

इन्तानं हात जोडले.

"तिचं बोलून झालंय," सीनुआन म्हणाली. "पेटवा भाऊजी."

गंज खरवडून, कडं बसवून, सुखामनं चारही बाजूंनी सांधा जोडला. नव्या निळ्या रंगावर मोठा काळा डाग पडला. सीनुआननं फडकी गोळा करून मांडीवर घेतली, पण मानेवर एकही चढवू दिलं नाही. दोघांनी तिला पुन्हा बाकावर बसवलं. सुखाम पुढं जाऊन पुलावरच्या गाड्या अडवून उभा राहिला.

इन्तानं दोन्ही ब्रेक धरले आणि उतारावर चाक सोडलं. वारा कानात शिरत होता, म्हणून त्यानं मान वाकवून कान हँडलपाशी नेला. खड्डा आला. दुसरा आला. पुलाच्या फळ्या चाकाखाली धडधडल्या आणि मागं पडल्या.

"बोलली का काही?" मागून सीनुआननं विचारलं.

"नाही."

"मला खरं सांगताय?"

"खरं सांगतोय."

"मग चला," ती म्हणाली आणि फूल नीट केलं.