चिलीला न गेलेली मुलगी

मी इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन परिषदेत चिलीतल्या एका प्राध्यापक बाईंशी ओळख झाली. त्यांचाही मुलूख आमच्यासारखा कोरडा, त्यांचाही अभ्यास गवतांचा. दोन्ही विद्यापीठांत करार करून विद्यार्थी एकमेकांकडं पाठवायचे, असं आमचं ठरलं. आमच्याकडं संध्याकाळ झाली की तिकडं सकाळ. बाई कॉफीचा मग घेऊन पडद्यावर यायच्या आणि आम्ही मसुद्याचं एकेक कलम नीट करायचो.

पहिली विद्यार्थिनी कोण, हा प्रश्नच नव्हता. बिडकीनची एक मुलगी माझ्याकडं संशोधन करत होती. वाळलेली काडी बोटांत फिरवून ती गवताचं नाव सांगायची. तिनं मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलं.

त्याच सुमारास तिला ज्युनिअर कॉलेजात कायमची नोकरी चालून आली. वडील तिला घेऊन विभागात आले.

"सर, काय करावं?"

"थांबू द्या तिला," मी म्हणालो. "सहा महिन्यांत सही होते."

"तुम्ही म्हणता तर थांबवतो. पण व्हईल नं नक्की?"

"होईल."

किती सहज म्हणून गेलो मी.

फाइल विधी विभागात गेली. वाद झाला तर खटला कोणत्या देशात चालवायचा, असा शेरा घेऊन परत आली. भांडणार कोण होतं? गवत तर मोजायचं होतं. उत्तर दिलं, तर समितीची बैठक होईना. मग कुलगुरू बदलले आणि सगळे प्रस्ताव नव्यानं मागवले गेले. मी तिला दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात' सांगत राहिलो. दीड वर्ष गेलं.

एका संध्याकाळी बाई पडद्यावर आल्या आणि मसुदा उघडू नका म्हणाल्या. त्यांचा विभाग दुसऱ्यात विलीन होत होता. गवतांचं काम बंद.

दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं. मला वाटलं रडेल. तिनं एवढंच विचारलं, "सर, ती कॉलेजातली जागा भरली असंल आता?"

"भरली."

"व्हय," ती म्हणाली, आणि नमुन्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेली. प्रबंध तिनं पुरा केला नाही.

दोन्ही विद्यापीठांचा करार मात्र पुढं झाला. दोन्हीकडं वेगळीच माणसं सह्या करायला बसली. फोटोत मीही आहे, मागच्या रांगेत. अजून इकडून तिकडं कुणी गेलेलं नाही.

मध्यंतरी ती गुलमंडीत कापडाच्या दुकानात दिसली. बिडकीनला एका कंपनीत माल तपासायचं काम करते. सोबतच्या बाईला म्हणाली, "हे माझे सर. लई शिकवलं यांनी मला."

तिच्या आवाजात कुठंही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर घरी सगळे बरे आहेत ना.