घरचं नाव

'निघते की मी,' म्हणत त्या पर्स खांद्याला अडकवायच्या, दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. असं सतत निघायच्या बेतात असलेलं माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिलं असेल. या तर चहासुद्धा उभ्यानं प्यायच्या. सोलापुरात एकाच दवाखान्यात आम्ही दोघी नर्स होतो, निवृत्तीनंतर शेजारणी झालो. तरी त्यांना चैन का पडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा त्यांनीच आपणहून सांगितलं. त्या पारध्यांच्या. मंद्रूपकडच्या माळावर त्यांची पालं होती. सहा-सात वर्षांच्या असताना 'सुधारायला' म्हणून त्यांना मुलींच्या वसतिगृहात आणून ठेवलं. केस कापले, नाव बदललं. घरची बोली तोंडातून निघाली की छडी.

आई एकदा भेटायला आली. तिला फाटकाबाहेरच थांबवलं. जेवलीस का, असं तिनं आपल्या बोलीत विचारलं. मागं गृहमाता उभी होती. लेकीनं भीतीनं मराठीत उत्तर दिलं. आईला मराठी कळायचं. तरी परक्याकडं बघावं तशी ती बघत राहिली, मग निघून गेली. त्याच उन्हाळ्यात तापानं वारली.

गेल्या वर्षी ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या नव्या अध्यक्षांनी जुन्या मुलींना बोलावलं. मी सोबत गेले. अध्यक्षांनी हात जोडून माफी मागितली, शाली वाटल्या. यांनी शाल घेतली नाही.

"माफी ठेवून घेते, साहेब. पण माझं घरचं नाव मला आठवत नाही. तेवढं परत द्या की."

मागच्या रांगेतली एक म्हातारी हळूहळू उठली. तीही त्याच माळावरची, त्याच वसतिगृहातली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू सुरंगी. तुजी आई लई लांबून हाक मारायची."

यांनी तिचा हात धरला आणि ते नाव तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

महिन्याभरात घर बंद करून त्या म्हातारीच्या गावी गेल्या, बोली शिकायला. या वयात कशाला, असं मी विचारलं.

"आईला उत्तर द्यायचं राहिलंय की," त्या म्हणाल्या.

परवा मी फोन केला. थांबा हं, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विसरल्या. पलीकडं कुणाशी तरी बोलत होत्या, अडखळत, मध्येच हसत. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले.